पंचांचा बदाम सात

बदाम सात तुम्हाला येतो, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. बदामाची सत्ती ज्याच्या हातात त्याने उतारी करायची. मग तिच्या खाली छक्की, वर अठ्ठी, नाहीतर दुसऱ्या एखाद्या रंगाची सत्ती. टाकण्यासारखं पान नसेल तर ‘पास’. ज्याचा हात आधी रिकामा झाला तो सुटला. चहाला उकळी येईपर्यंत पोराला शिकवून होतो इतका सोपा खेळ. पण कोळवणच्या एका ओसरीवर मी हा खेळ असा काही शिकलो, की आजही घरात पत्ते निघाले की माझी मुलगी आधी दम भरते, ‘बाबा, तुमच्या पंचांचे नियम चालणार नाहीत.’

मी मान डोलावतो, आणि पहिली संधी मिळताच बदामाच्या सत्तीवर चौकटची अठ्ठी ठेवतो. घरात गदारोळ होतो. होऊ दे.

पंच म्हणजे माझे घरमालक. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून बदली होऊन कोळवणच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो, तेव्हा बावधनच्या पुढे एसटीच्या खिडकीतून दिसायची ती सगळी शेतं, आणि पौड सोडून गाडी खोऱ्यात वळली की नुसता भात. पंचांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते खुद्द त्यांनाही दोनदा विचारावं लागे. ते कबड्डीचे पंच. खोऱ्यातल्या कुठल्याही जत्रेत सामने असले, की मध्यरेषेवर हेच उभे. उंच, काटकुळे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला टोपी आणि गळ्यात काळ्या गोफात ओवलेली पितळी शिट्टी.

ही शिट्टी गळ्यातून कधी निघत नसे. भात लावताना बायकांची रांग वाकडी झाली की बांधावरून शिट्टी. शेजारच्याची कोंबडी ओसरीवर चढली की शिट्टी, आणि ती कोंबडी खरोखर मागे फिरायची. एकदा एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांब्याच्या पुढे नेऊन उभी केली. पंचांनी शिट्टी मारून हाताने ‘मागं’ अशी खूण केली. ड्रायव्हरने मुकाट गाडी मागे घेतली. लहानपणी तोही त्यांच्या हाताखाली खेळला होता. शिट्टी ऐकली की पाय आपोआप मागे सरायचे.

‘रेघ म्हंजी रेघ,’ हे त्यांचं वाक्य. त्यांनी आपल्या सख्ख्या भाच्याला जत्रेच्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या चढाईत बाद दिलं होतं. पायाचा अंगठा रेघेला लागला, एवढंच. बहिणीने त्या वर्षापासून भाऊबीजेला ओवाळायचं बंद केलं. पंच मात्र दर भाऊबीजेला तिच्या दारात जात, पाटावर बसत आणि न ओवाळून घेताच उठून परत येत. मी विचारलं, ‘मग जाता कशाला?’

‘तिचा राग बरुबर हाय,’ ते म्हणाले. ‘आन माजा निकाल बी बरुबर हाय. मंग न जाऊन कसं चालंल?’

असा हा माणूस. खोरं त्यांना घाबरायचं, आणि ते मावशीला.

मावशी म्हणजे त्यांची बायको. गाव त्यांना गमतीने ‘पंचीण’ म्हणायचं. बुटक्या, रुंद, दातांना मिश्री, आणि जिभेला तर विचारूच नका. मी खोली बघायला गेलो तेव्हा भाड्याचं बोलणं नंतर झालं. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पंचांना म्हणाल्या, ‘पत्तं येत्यात का इचारा. चौथा गडी न्हाई आपल्याला.’

तिसरा गडी चाचा. पौडचे शिंपी. रोजच्या गाडीने कोळवणला येत, आणि पंचांच्याच ओसरीच्या टोकाला त्यांचं शिवणयंत्र होतं. माझी सकाळची शाळा सुटून दुपारची जेवणं झाली की घोंगडी अंथरली जायची, पत्ते पिसले जायचे, आणि चाचा आपलं स्टूल वळवून घेत. पण पायांना सवय अशी, की खेळतानाही ते हवेत पायडल मारत राहायचे. चाचांचा पाय थांबला, की समजायचं त्यांच्या हातात वाईट पानं आलीत.

मावशींचा खेळ बघत राहावा असा होता. किलवरची सत्ती त्यांच्याकडे असली की त्या ती बाहेर काढतच नसत. टाकायला दुसरं काहीतरी पान त्यांच्याकडे नेहमी असायचं. त्या ते सावकाश टाकत, आणि तोवर आमच्या हातातली किलवरं नासत. माझे पासवर पास व्हायला लागले की विचारत, ‘काय मास्तर, पोटात कळ आली का?’

‘नाही मावशी.’

‘मंग तोंड का असं केलंया? चाचा, ह्यांना वाईच ओवा द्या.’

चाचा म्हणत, ‘ओवा कशाला, सत्ती द्या की. बरं वाटंल.’

‘सत्ती माज्याकडं हाय म्हनून कुनी सांगितलं तुमास्नी?’ असं म्हणून त्या अशा निरागस बघत, की मीच शेजाऱ्याच्या हाताकडे संशयाने बघायला लागे.

पण टाकता येईल असं एकच पान हातात असेल, तर ते टाकावंच लागे. पान असून पास म्हणणं हा त्या ओसरीवरचा सगळ्यांत मोठा गुन्हा. शिक्षा एकच. पंच शिट्टी मारत, हाताने ‘बाद’ दाखवत, आणि तो डाव संपेपर्यंत गुन्हेगाराने अंगणात जाऊन उभं राहायचं. मीही एकदा चुकून पास म्हणालो होतो. पंजीमागे छक्की लपून राहिली होती. श्रावणातली झड लागलेली. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मी अंगणात उभा, आणि वाटेने माझेच विद्यार्थी चाललेले. ‘गुरुजी, काय झालं?’ मी म्हणालो, ‘पाऊस मोजतोय.’ ओसरीवर मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या, इतक्या की त्यांची पानं खाली पडली.

सगळ्यांना सारखा नियम. मास्तर असो नाहीतर मावशी. पण मावशींवर अंगणात जायची पाळी कधी आलीच नाही.

ती आली भात झोडून झाल्यावर. थंडीचे दिवस होते, अंगणात ऊन छान पडलं होतं. त्या दुपारी मावशी ‘पास’ म्हणाल्या. पुढच्या फेरीलाही पास. पंचांनी आणि मी हातातली इस्पिकं उराशी धरून वाट पाहिली, इस्पिकची सत्ती काही निघेना. शेवटी चाचा सुटले, त्यांच्याकडे इस्पिक नव्हतंच, डाव मोडला, पानं उताणी झाली, आणि मावशींच्या हातात इस्पिकची सत्ती.

मला काय आनंद झाला सांगू. मी उठून उभा राहिलो, अंगणाकडे हात केला आणि नाटकातल्या चोपदारासारखा वाकून म्हणालो, ‘चला मावशी. स्वारी अंगणात.’

मावशी उठल्या नाहीत, की उलटून बोलल्याही नाहीत. त्या सत्तीकडे बघत होत्या. घरात पाहुणा येऊन बसलाय आणि हा कोण ते आठवत नाही, तसं.

पंचांची शिट्टी वाजली. मला वाटलं, बाद. पण हात वर गेला नाही.

‘सत्ती धरता येती,’ ते म्हणाले. ‘आजपास्नं.’

‘अहो पंच, पण नियम—’

‘आजपास्नं म्हनलं न्हवं? पिसा पानं.’

चाचांचा हवेतला पाय थांबला.

तिथून पुढे त्या ओसरीवर नियमांचा जो काही पूर आला, त्याला तोड नाही. दर दोन-चार दिवसांनी शिट्टी, आणि नवा कायदा. एकदा पास म्हटल्यावर जरा वेळाने आठवलं तर पान टाकता येतं. उतारी बदामाच्या सत्तीनेच व्हायला हवी असं काही नाही. ज्याला हौस असेल त्याने सुरुवात करावी. राणी कुठेही बसू शकते, कारण ती राणी आहे, तिला कोण अडवणार? एकदा तर एकाच माणसाने लागोपाठ दोनदा पान टाकलं, तर पंच म्हणाले, ‘चढाईला गेलेला गडी पुन्ना जाऊ शकतू का न्हाई? मंग.’ मी पोट धरून हसायचो. शाळेत सहकाऱ्यांना रंगवून सांगायचो. म्हातारपणी शेवटी पंचाची बायको पंचाला जिंकली, असा माझा निष्कर्ष होता, आणि तो सांगताना मी पंचांची शिट्टी आणि मावशींचं निरागस बघणं दोन्ही करून दाखवायचो.

चाचांना मात्र ते रुचेना. ‘पंच, ह्यो बदाम सात ऱ्हायला न्हाई,’ ते एकदा म्हणाले. ‘तुमाला बायकूला जितवायचं आसंल तर सरळ सांगा, आमी हात जोडून बसतो.’

‘खेळायचं तर खेळ,’ पंच म्हणाले.

‘भाच्याला बाद देनारा मानूस तुमीच न्हवं?’

पंचांनी पुढचं पान टाकलं. चाचांनी पानं खाली ठेवली, स्टूल वळवलं आणि आमच्याकडे पाठ करून शिवायला लागले. काही दिवस आम्ही तिघंच खेळलो, आणि मागून यंत्राचा रागीट आवाज यायचा.

मग एका दुपारी शाळा सुटल्यावर मी आलो, तर चाचांनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांच्या मांडीवर एक हिरवा झंपर होता. शिवलेला, दोनदा धुतलेला, काखेत जरा विटलेला.

‘मावशी आल्या हुत्या सकाळी,’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘ह्यो हातात दिला आन म्हनाल्या, चाचा, कापड आनलंया, झंपर शिवून द्या.’

‘मग?’

‘मंग काय. म्हनलं देतो. माप घ्या म्हनाल्या, माप घेतलं.’ त्यांनी झंपराची घडी मोडली, पुन्हा घातली. ‘उद्या इस्त्री करून देनार. नवा म्हनून.’

मी तो झंपर हातात घेऊन बघितला. मग मला इस्पिकची सत्ती आठवली. त्यानंतरचे सगळे नियम एकामागून एक आठवत गेले, आणि प्रत्येकाच्या आधी मावशींनी काय केलं होतं तेही. राणी चुकीच्या जागी बसली ती मावशींच्या हातून. लागोपाठ दोनदा पान टाकलं ते मावशींनी. पंचांनी एकही नियम खेळ सुरू व्हायच्या आधी केला नव्हता. दरवेळी आधी मावशींची चूक झाली होती, आणि मग शिट्टी.

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्टूल वळवलं आणि पंचांसमोर येऊन बसले. ‘आजचा नियम काय?’ त्यांनी विचारलं.

पंचांनी त्यांच्याकडे पाहिलं. गड्डी पुढे सरकवून म्हणाले, ‘आजून ठरला न्हाई. बस.’

आता जत्रेचं सांगतो. चैत्रात गावची जत्रा, आणि जत्रेतले सामने म्हणजे पंचांचा सण. तालमीची पोरं दरवर्षी नारळ घेऊन घरी येत, नारळ पंचांच्या हातात देत, आणि मग पंच पंधरा दिवस मिशा पिळत हिंडत. हा मान त्यांनी कधी मागितला नाही, आणि कधी चुकलाही नव्हता. त्या वर्षी नारळ यायचा म्हणून त्यांनी सकाळीच धोतर बदललं होतं, शिट्टी राखेने घासली होती.

पोरं आली तेव्हा आमचा डाव ऐन रंगात होता. पंच म्हणाले, ‘बसा, ह्यो डाव हुं द्या.’ पोरं ओसरीच्या कडेला बसली. सगळ्यांत पुढे तालमीचा म्होरक्या, पंचांनीच ज्याला दम धरायला शिकवलं तो. पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती.

बदामाची सत्ती पडलेली होती. मावशींची पाळी आली. त्यांनी हातातली पानं लावली, पुन्हा लावली, आणि सत्तीच्या वर ठसक्यात एक पान ठेवलं. चौकटची अठ्ठी.

एक पोरगं फिसकन हसलं. ‘मावशे, चौकट हाय की ती.’

मावशींनी पानाकडे पाहिलं. मग त्या पोराकडे. मग पुन्हा पानाकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायला लागलं, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नदीच्या धारेत पाय घातल्यावर तळ लागत नाही म्हटल्यावर माणूस घाबरतो ना, तसं. त्यांचा हात ते पान उचलायला पुढे झाला, आणि कुठलं उचलायचं ते न कळून तिथेच थांबला.

शिट्टी वाजली. इतकी जोरात, की गोठ्यातली म्हैस उठली.

‘तिचं बरुबर हाय,’ पंच म्हणाले. ‘लाल लालावर चालतंय.’

‘कवापास्नं?’ म्होरक्याने विचारलं.

‘पैल्यापास्नं.’

‘बदाम सातात?’

‘व्हय.’

‘पंच, आवो बारकी पोरं बी—’

‘म्या काय म्हनलं?’

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी अजून पंचांकडे बघत होत्या. मग चाचांनी खाकरून बदामाची नव्वी काढली आणि चौकटच्या अठ्ठीवर ठेवली. ‘म्या बी आठ्ठीचीच वाट बगत हुतो,’ ते म्हणाले, ‘बरं झालं मावशी, सोडवलंत.’ माझी पाळी आली. मी चौकटची दश्शी ठेवली, आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा गंभीर चेहरा केला. पंचांनी वर बदामाचा गुलाम ठेवला. एकही माणूस हसला नाही. तो अख्खा डाव आम्ही तसाच खेळलो, लाल लालावर, काळं काळ्यावर. मावशींच्या खांद्यांतला ताण हळूहळू उतरला. शेवटचं पान टाकून त्या सुटल्या, तेव्हा पोराला म्हणाल्या, ‘बगितलंस? हासत हुतास न्हवं?’

म्होरक्या उठला. त्याने पिशवीचं तोंड वळून हातात धरलं. शेंडी आत गेली.

‘येतो पंच. जत्रंचं आजून ठरंना यंदा. कळवतो.’

‘बरं,’ पंच म्हणाले.

पोरं फाटकापर्यंत पोहोचली नव्हती, तेव्हाच एकाचा आवाज आला, ‘गेलं रं म्हातारं. आता रेघ काय दिसायची त्याला.’ ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं.

‘पोरं का आली व्हती?’ मावशींनी विचारलं.

‘पानी प्यायला.’

‘मंग पानी न पिताच गेली की.’

‘घाई हुती त्यास्नी,’ पंच म्हणाले आणि पानं पिसायला लागले. त्यांना नीट पिसता येत नव्हती. चाचांनी गड्डी हातातून घेतली.

संध्याकाळी मी त्यांना खळ्यावर गाठलं. म्हटलं, ‘पंच, अजून वेळ गेलेली नाही. तालमीत जाऊन एक वाक्य सांगा. तुमचं डोकं ठीक आहे, मावशींची तब्येत बरी नसते, एवढंच. पोरं पाया पडतील तुमच्या.’

ते काठीने जमिनीवर काहीतरी ओरखडत होते. ‘म्हंजी तिला बाद द्यायची. तालमीत जाऊन.’

‘बाद कसलं त्यात?’

‘उद्या तीच पोरं तिच्याकडं बगून हासतील. तिला कळंल.’ त्यांनी ओरखडा पायाने पुसला. ‘आज कळलंच हुतं. तुमी तोंड न्हाई बगितलं तिचं?’

‘पण तुम्ही तर म्हणायचात, रेघ म्हणजे रेघ.’

‘म्हनायचो की.’ त्यांनी काठी बाजूला ठेवली. ‘रेघ मीच आखायचो मास्तर, चुन्याच्या फक्कीनं. पाऊस आला की पुसायची. मंग काय, पुन्ना आखायची. फकस्त खेळ बंद पडू द्यायचा न्हाई.’

जत्रेच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आम्ही चौघं ओसरीवरच होतो. मैदान लांब नव्हतं. ढोल वाजला, कल्ला झाला, आणि मग एक शिट्टी वाजली. कुणीतरी पिरंगुटकडून आणलेला नवा पंच होता. त्या आवाजाबरोबर आमच्या पंचांचा हात गळ्याशी गेला आणि गोफाला धरून राहिला. मावशींनी मान वर केली.

‘आवो, सामना लागला वाटतं. तुमी हितं कसं?’

‘यंदा म्या सुट्टी घेतलीया.’

‘कशापायी?’

‘तुज्यासंगं खेळायला.’

मावशी लाजल्या. खरोखर लाजल्या. ‘काय बी बोलत्यात बाई मास्तरांच्या म्होरं,’ म्हणून त्यांनी पानांचा पंखा तोंडापुढे धरला. मैदानावरून शिट्ट्या येतच होत्या. पंचांनी त्या दुपारी आपली शिट्टी एकदाही वाजवली नाही, आणि मावशी वाटेल ते पान वाटेल तिथे ठेवत होत्या.

पंच भात घेऊन गिरणीत गेले होते तेव्हाची गोष्ट. मी खोलीत वह्या तपासत होतो. मावशी दारात आल्या, मागे-पुढे बघितलं, आणि उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं, काहीतरी हरवलं असेल.

‘मास्तर, येक सांगू का? कुनाला बोलू नगा.’

‘सांगा की.’

‘ह्यांचं डोकं हल्ली ठिकान्यावर न्हाई.’

मी पेन खाली ठेवलं.

‘रोज नवा नियम. आज येक सांगत्यात, उद्या येक. लाल काय, काळं काय, समदं येक झालंया त्यांचं. आदी असं न्हवतं वं. केवडा मानूस, समदं खोरं थरथर कापायचं.’ त्यांनी पदराने डोळ्याची कड पुसली. ‘म्या आपली हां हां म्हनते. चुकीचं पान बी टाकते मुद्दाम, त्यास्नी वाईट वाटू ने म्हनून. तुमी बी तसंच करत जावा. चाचास्नी बी सांगा. पंचाला चुकलं असं म्हनायचं न्हाई. मरंल त्यो मानूस.’

मी बोलण्यात कुणाला हार जात नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. त्या दुपारी मला ‘बरं मावशी’ एवढंच म्हणता आलं.

पंच गिरणीतून आले तेव्हा मी त्यांना वाटेतच गाठून सगळं सांगितलं. पोतं खाली ठेवून त्यांनी ते उभ्यानेच ऐकलं. मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग टोपी काढून ती तोंडावर धरली, आणि टोपीमागे ते किती वेळ हसत होते आणि कुठून पुढे हसणं नव्हतं, ते मला कळलं नाही.

टोपी खाली आली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘म्हंजी तिला सोताचं काय बी कळल्यालं न्हाई?’

‘नाही.’

‘खातरीनं?’

‘खात्रीने.’

‘मंग झालं,’ ते म्हणाले आणि पोतं उचललं.

दुसऱ्या दिवसापासून पंचांनी विसरायला सुरुवात केली. असा अभिनय मी रंगमंचावरही पाहिलेला नाही. डोक्यावर टोपी असताना ते घरभर टोपी शोधत. ‘अगं, माजी टोपी?’ मावशी येऊन ती डोक्यावरच सरळ करत, ‘ही काय!’ एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात माझी, असे ते बाजारात जात. मग मावशी त्यांचं मनगट धरून चालायला लागल्या. गावची पोरं मागून हसायची, तालमीवरून जाताना तर फारच. पंच मान खाली घालून, ओढ्यापाशी थांबून, ‘कुटं जायाचं गं आपल्याला?’ विचारत, आणि मावशी सांगत. कधी चुकीचं सांगत. मग दोघं तिकडे जाऊन परत येत. त्या काही महिन्यांत मावशी किती तरतरीत झाल्या! घरात एक म्हातारं माणूस सांभाळायचं होतं ना त्यांना. ‘मी हाय म्हनून ह्यांचं चाललंया,’ त्या चाचांना सांगत. चाचा म्हणत, ‘व्हय, ते तर दिसतंच हाय,’ आणि घाईने यंत्राचं चाक फिरवत.

पण पावसाळा संपता संपता मावशींना झोप येईना, जेवण जाईना. पौडच्या डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. मावशी गेल्या त्या परत आल्या नाहीत, हे आताच सांगून टाकतो. पंच आले, पुढे बरीच वर्षं राहिले. पण त्या वर्षांविषयी मला काही रंगवून सांगता येत नाही.

दुपारच्या गाडीला चाचा आणि मी त्यांना सोडायला गेलो होतो. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, अंगात तो हिरवा झंपर होता. हातात पिशवी, पिशवीत पंचांचं जादा धोतर. दुसऱ्या हातात पंचांचं मनगट.

‘ह्यांना दावून आनते,’ मला म्हणाल्या. ‘लांबवून चालायचं न्हाई आता. सांजच्या गाडीनं येतोच.’

पंच म्हणाले, ‘व्हय. मला दावाया चाललीया.’

त्यांना पुढे घालून मावशी गाडीत चढल्या, खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टर नवा होता, त्याला कुणाचीच ओळख नव्हती. तो आला तशा मावशी म्हणाल्या, ‘दोन कोळवण.’

‘मावशी, हे कोळवणच आहे,’ कंडक्टर म्हणाला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मी खिडकीच्या खाली उभा होतो. मावशींचा चेहरा मला सरळ दिसत होता.

‘म्याच तिला तसं सांगितलं,’ पंच पटकन म्हणाले. ‘मला कुटं काय ध्यानात ऱ्हातंय.’

मावशींचा चेहरा निवळला. त्या मागे वळल्या. ‘हासू नगा रं. मानूस म्हातारा झाला की हुतं असं. तुमी बी हुनार हायसा.’

‘बरं, मग कुठलं देऊ?’ कंडक्टरने पंचांना विचारलं.

पंच गप्प राहिले. त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांना माहीत आहे असं एकदा दिसलं असतं, की विसरलेलं माणूस मावशी ठरल्या असत्या. ते मावशींकडे बघत राहिले, वाट चुकल्यासारखे. मावशी त्यांच्याकडे बघत होत्या. कंडक्टर तिकिटाचा चिमटा आपटत उभा होता, ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आणि दोघांपैकी कुणीच बोलेना.

‘पुणं,’ चाचा खालून ओरडले. ‘दोन पुणं द्या वो. पंचास्नी मीच सांगितलं हुतं सकाळी, इसरले आसतील.’

‘बगा,’ मावशी खिडकीतून आम्हाला म्हणाल्या, ‘तुमी हायसा म्हनून. न्हाईतर ह्यांना येकलीनं कसं सांबाळायचं?’

गाडी हलली. पंचांनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डोकं मावशींच्या खांद्यावर टेकलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते, आणि मावशी, कुठे चाललो आहोत हे अजिबात माहीत नसताना, त्यांच्या पाठीवर थोपटत ताठ बसून पुढे बघत होत्या.